शून्य गुण कुणाचे?

(मिशनच्या वार्षिक उपकारस्तुती मेळाव्यात मेळघाटातील संध्याकाळच्या वर्गाच्या शिक्षिकेने केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच मंडपात चहाच्या वेळी मंडळीतल्या एका काकांनी मला विचारले, "बाई, आम्ही इतकी वर्षे मदत पाठवतो. मुलांचा निकाल काय लागतो?" प्रश्न रास्त होता. मी घाईत म्हणाले, "चांगला लागतो, काका." घरी गेल्यावर ते उत्तर मला टोचत राहिले, कारण ते पुरते खरे नव्हते. आज पुरते उत्तर द्यायला उभी आहे.

आमच्या वर्गात येणारी मुले तिसरी ते पाचवीतली, बहुतेक कोरकू घरांतली. त्यांचे वाचन तपासायला आम्ही 'असर' पाहणीत वापरतात तशा तऱ्हेचा कागद वापरतो. ही पाहणी 2005 पासून देशभर खेड्यापाड्यांत होते. मुलाला घरीच, एकट्याला बसवून वाचायला देतात. आधी अक्षरे, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथवर नीट पोहोचते ती त्याची पातळी. आमची निम्म्याहून अधिक मुले अक्षरे आणि शब्द यांवरच अडकली होती. हा खरा निकाल.

आता हे केवळ आमच्याच डोंगरातले दुखणे आहे असे समजू नका. 2024 च्या 'असर' अहवालानुसार भारताच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या शंभर मुलांपैकी साधारण 49 मुलांनाच दुसरीची गोष्ट वाचता येते. 2018 मध्ये हा आकडा 50 च्या आसपास होता. कोरोनात शाळा बंद राहिल्या आणि 2022 मध्ये तो 43 वर घसरला. तिथून आता तो पुन्हा वर येतो आहे. पण आमच्या मुलांच्या बाबतीत या आकड्यामागे आणखी एक गोष्ट आहे. ती मला एका मुलाने शिकवली.

तो पाचवीत होता. मी गणिताची चाचणी घेतली. फळ्यावर लिहिले, "एका टोपलीत 45 आंबे होते. त्यांतील 18 नासले. किती उरले?" त्याने उत्तर लिहिले, 63. अशी पाच उदाहरणे होती. पाचही चुकली. मी लाल शाईने शून्य दिले आणि वहीवर लिहिले, "वजाबाकी येत नाही."

त्याच आठवड्यात मी बाजाराला गेले. पोरगा आपल्या आत्यासोबत मोहफुले विकायला बसला होता. गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली की आत्याने डोळ्यांनी विचारायचे आणि याने उरलेले पैसे मोजून द्यायचे. एकदाही चुकला नाही. मी तिथे उभी राहून पाहत होते आणि मनात लाल शाईचे ते शून्य दिसत होते.

दुसऱ्या दिवशी गावातल्या बारावी झालेल्या एका मुलीला मी वर्गावर बोलावले. तिने तेच आंब्याचे उदाहरण कोरकूत सांगितले. तिचे वाक्य संपायच्या आत तो म्हणाला, "सत्तावीस." त्याला वजाबाकी येत होती. 'नासले' आणि 'उरले' हे दोन शब्द येत नव्हते. दोन आकडे दिसले म्हणून त्याने बेरीज करून टाकली. तर मग ते शून्य गुण कुणाचे, त्याचे की माझे?

तुम्हांला वाटेल, कोरकू म्हणजे मराठीचीच एखादी गावठी बोली असेल. तसे नाही. वऱ्हाडी माणसाला पुण्याची मराठी कळते, तसे हे नाते नाही. कोरकू ही मुंडा गटातली भाषा. संथाळी, मुंडारी या तिच्या बहिणी, आणि त्या झारखंडाकडे बोलल्या जातात. पाण्याला ती 'डा' म्हणते, घराला 'उरा'. मराठीसारखी तीन लिंगे तिच्यात नाहीत, तिच्यात भेद सजीव-निर्जीवांचा. म्हणून आमचे मूल "माझा आई आला" असे लिहिते आणि आपण हसतो. बाजारात त्याच्या कानावर हिंदी, शाळेत मराठी आणि घरी कोरकू. सहा वर्षांचे मूल पहिलीत येते तेव्हा ते अक्षर आणि परकी भाषा दोन्ही एकदम शिकत असते. शहरातल्या मुलाला यातले एकच शिकायचे असते. चाचणीचा कागद मात्र दोघांना सारखाच.

म्हणून चाचणी फेकून द्यावी काय? मुळीच नाही. पुढे याच मुलाला दहावीचा पेपर मराठीत द्यायचा आहे. दवाखान्यातली चिठ्ठी, तहसीलातला अर्ज, सातबारा, सगळे मराठीत आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसरा सांगेल तिथे अंगठा उठवावा लागतो. त्याच्या आजोबांनी तेच केले. चाचणी म्हणजे थर्मामीटर. ताप किती हे ती सांगते. कशाने आला हे तिला विचारून उपयोग नाही, ते आपण पाहायचे. मी थर्मामीटर पाहून रोग्यालाच दोष देत होते. फळ्याच्या कोपऱ्यात 'कच्चा गट' असे मथळा घालून मुलांची नावे लिहीत होते. ते मी पुसले, याची तुमच्यापुढे कबुली देते.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. पहिली, ती बारावी झालेली मुलगी आता रोज वर्गावर असते. पहिला अर्धा तास कोरकूत गोष्ट आणि गप्पा, मग तेच मराठीत. दुसरी, इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवतो. 'प्रथम' या संस्थेने ही पद्धत अनेक राज्यांत वापरून दाखवली आहे. तिसरी, चाचणी दोनदा घेतो. आधी कोरकूत विचारतो, समजले का ते कळायला. मग मराठीत वाचायला देतो. दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवतो.

आपल्या राज्यघटनेच्या 350 क कलमात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्याविषयी सांगितले आहे. 2020 चे शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरच्या भाषेवर भर देते. आपल्याला तर हे नवे वाटू नये. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुळातल्या हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबल उतरवले, ते साध्या बायाबापड्यांना समजावे म्हणून. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी त्यात घातली. समजेल अशा भाषेत बोलणे हीसुद्धा सेवाच आहे.

आता काका, तुमचे उत्तर. बाजारातला तो मुलगा आज परिच्छेद वाचतो. गोष्ट अजून अडखळत वाचतो. काही मुले शब्दांवरून परिच्छेदावर आली. काही जागची हलली नाहीत. दोन बहिणी दिवाळीनंतर आईबापांसोबत मजुरीला खाली गेल्या, त्या होळीलाच परतल्या. त्यांची चाचणी झालीच नाही. त्यांना यादीतून गाळले तर आमचा निकाल चांगला दिसेल. आम्ही गाळणार नाही.

येत्या बैठकीत हा वर्ग चालू ठेवायचा की नाही, आणि त्या मुलीचे मानधन द्यायचे की नाही, हे ठरायचे आहे. माझी विनंती इतकीच की एकाच आकड्यावर ठरवू नका. आम्हांला तीन प्रश्न विचारा. हे मूल गेल्या वर्षी कुठे होते आणि आज कुठे आहे? त्याला समजेल अशा भाषेत विचारले का? आणि ते किती दिवस वर्गात होते? या तिन्हींची उत्तरे दर तिमाहीला याच वार्तापत्रात द्यायला मी बांधलेली आहे, निकाल बरा असो वा वाईट.

आमच्या मुलांसाठी प्रार्थना करा. त्या दोन बहिणींसाठी विशेष करा, यंदा दिवाळीनंतर त्या गावातच राहाव्यात म्हणून. आणि कधी सवड काढून वर्गावर या. मुले तुम्हांला पाणी विचारतील, ते कोरकूत विचारतील. तुम्ही "डा" म्हणालात तरी त्यांना केवढे बरे वाटेल.