रिपोर्ट नॉर्मल, मग झटका आला कशामुळे?

(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



"आरोग्यावर बोला, पण लोकांना घाबरवू नका," अशी सूचना कार्यकारिणीने आम्हाला केली आहे. आम्ही दोघेही डॉक्टर. इथल्याच महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, एमवायच्या वॉर्डांत रात्री जागवल्या. पण आज आम्ही बोलणार आहोत ते मुलगा आणि सून म्हणून. विषय आमच्या बाबांचा आहे. ते समोरच बसले आहेत. त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर: "माझी कीव येईल असं काही बोलायचं नाही."

बाबांना आपण सगळे ओळखता. कितीतरी वर्षे इथल्या आरतीला पेटी तेच वाजवत. तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सकाळी पोहे खाताना त्यांच्या उजव्या हातातून चमचा गळला. आईने काय झाले म्हणून विचारले, तर तोंडातून शब्द नीट निघेना. आपण इंदूरकर याला लकवा म्हणतो, पुस्तकात पक्षाघात म्हणतात. तासाभरात त्यांना रुग्णालयात नेले. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ते वेळेत मिळाले आणि बाबा पाचव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी आले.

मग तपासण्या झाल्या. मानेच्या रक्तवाहिन्या स्वच्छ. साखर आणि रक्तदाब आटोक्यात. ईसीजी सरळ, इको चांगला, चोवीस तासांचा होल्टरही निर्दोष. डिस्चार्ज कार्डावर लिहिले होते, 'कारण अज्ञात'. आम्ही नातेवाइकांना फोन करून सांगितले, "सगळं नॉर्मल आहे." आईने खजरान्याच्या गणपतीला लाडू चढवले.

न्यूरॉलॉजिस्टनी जाताना सांगितले होते की हृदयाची नोंद आणखी काही आठवडे घ्यायला हवी. आम्ही म्हटले, दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाली, पाहुणे आले-गेले, आणि मार्गशीर्षात बाबांना दुसरा झटका आला. या वेळी उजव्या हाताची बोटे गेली. रुग्णालयात दुसऱ्या रात्री मॉनिटरवर त्यांच्या हृदयाची लय एकाएकी बिघडली, पाऊण तास बिघडलेलीच राहिली आणि आपोआप सुधारली. बाबा त्या वेळी गाढ झोपेत होते. त्यांना काहीही कळले नाही. पहिल्या खेपेला जे सापडले नव्हते ते हेच. चूक रुग्णालयाची नव्हती, आमची होती. घरात दोन डॉक्टर असून आम्ही 'नॉर्मल' या शब्दावर विसंबलो.

डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. हृदयविकार म्हणजे छातीत कळ, हे आता घरोघरी माहीत आहे. हृदयातला बिघाड छातीत काहीही न दुखता मेंदूवर घाला घालू शकतो, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. पक्षाघात हा काही फक्त शहरी माणसांचा आजार नाही. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील गावांमध्ये केलेल्या पाहणीत पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. सुमारे सात मृत्यूंतला एक.

गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघातांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात नेहमीच्या तपासण्यांतून कारण सापडत नाही. अशा रुग्णांत एक मोठा संशयित म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते. तिथे रक्त साचते, गुठळी होते आणि ती सुटली की प्रवाहाबरोबर मेंदूत जाऊन अडकते. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. खरी अडचण अशी की हा विकार येतो आणि जातो. साधा ईसीजी हृदयाकडे सुमारे दहा सेकंद पाहतो. दिवसात 86,400 सेकंद असतात. चोर महिन्यातून एकदा येणारा आणि आपण दहा सेकंद दार उघडून पाहिले, तर तो दिसणार कसा?

म्हणूनच होल्टर आला. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील नॉर्मन होल्टर या शास्त्रज्ञाचे पहिले यंत्र सुमारे 38 किलोचे होते, पाठीवर वाहून न्यावे लागे. आज ते खिशात मावते. पण चोवीस तासही अनेकदा पुरत नाहीत. 2014 साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. कॅनडातील अभ्यासात कारण न सापडलेल्या, पंचावन्न वर्षांवरील 572 रुग्णांपैकी काहींना महिनाभर पट्टा लावला, बाकीच्यांचा पुन्हा एकदा चोवीस तासांचा होल्टर केला. पट्टा लावलेल्यांत हा विकार 16 टक्के लोकांत सापडला, होल्टरवाल्यांत 3 टक्के लोकांत. दुसऱ्या अभ्यासात छातीच्या त्वचेखाली छोटे नोंदयंत्र बसवले होते. वर्षभरात त्या गटात 12 टक्के आणि नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्यांत 2 टक्के लोकांत विकार सापडला. तीन वर्षांनी हेच आकडे 30 आणि 3 असे झाले. यातल्या बहुतेकांना धडधड वगैरे काही जाणवलेच नव्हते.

इथे कोणीही विचारेल, "मग एवढं शोधत बसण्यापेक्षा सरळ रक्त पातळ करणारी गोळीच का देत नाही?" आम्हालाही तेव्हा हाच मोह झाला होता. हा प्रयोग जगाने करून पाहिला आहे. 2018 साली सात हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कारण न सापडलेल्या पक्षाघातात नवी गोळी ॲस्पिरिनपेक्षा वरचढ ठरली नाही, उलट गंभीर रक्तस्राव दुपटीहून अधिक झाले. 2019 आणि 2024 साली दुसऱ्या दोन गोळ्यांचे अभ्यास आले. त्यांतही ॲस्पिरिनपेक्षा फायदा सिद्ध झाला नाही. मात्र एट्रियल फिब्रिलेशन सापडले, तर याच प्रकारची औषधे पक्षाघाताचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी करतात, आणि तिथे ॲस्पिरिन पुरत नाही. म्हणून आधी शोध, मग गोळी. अंदाजाने गोळी नको आणि सापडल्यावर टाळाटाळही नको. नोंदीत लय काही मिनिटेच बिघडलेली दिसली, तर गोळी द्यायची की नाही हे वय आणि इतर आजार पाहून डॉक्टरच ठरवतील.

आपल्या देशासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर संधिवाताचा ताप येऊन हृदयाची झडप आकसलेली माणसे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. भारतातल्या एका मोठ्या नोंदणीत एट्रियल फिब्रिलेशनच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना हा झडपेचा आजार होता. अशांसाठी नव्या गोळ्यांपेक्षा जुने, आयएनआर तपासत घ्यायचे औषधच बरे, हे 2022 च्या अभ्यासात दिसले. त्यामुळे शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलू नका.

तरुणांची गोष्ट थोडी वेगळी. दर चार माणसांत एकाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासून एक छोटी फट उघडी राहते. बहुतेकांचे तिच्यावाचून काही बिघडत नाही. पण साठीच्या आतल्या माणसाला दुसरे काहीच कारण नसताना झटका आला, तर शिरेत बुडबुड्यांचे पाणी देऊन इको करतात. फट मोठी असेल तर ती बंद करण्याचा निवडक रुग्णांना फायदा होतो, हे 2017 साली स्पष्ट झाले.

त्वचेखालचे यंत्र महाग आहे आणि ते सर्वांनाच लागते असे नाही. वय जास्त असेल, इकोत डावा वरचा कप्पा मोठा दिसला असेल, होल्टरमध्ये जास्तीचे ठोके बरेच असतील किंवा एमआरआयमध्ये एकाहून अधिक भागांत डाग असतील, तर संशय वाढतो. तेव्हा निदान एक-दोन आठवड्यांचा पट्टा, पुन्हा होल्टर, थायरॉईडची तपासणी याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. विचारायचे प्रश्न तीनच: हृदयाची नोंद एकूण किती तास झाली? ती पुरेशी आहे का? नसेल तर पुढची कधी? तारीख तिथेच ठरवून घ्या. दिवाळीनंतर, असे म्हणू नका.

आणि एक काम घरचे, बिनपैशाचे. मनगटावर दोन बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोजा. ठोके तालात पडतात का पाहा. भजनाला टाळ धरणाऱ्या आपल्या लोकांना बेताल पटकन कळतो. ताल अगदीच वेडावाकडा लागला, तर त्याच दिवशी ईसीजी काढा. घड्याळाने इशारा दिला तरीही हेच करा. घड्याळ शंका काढते, निदान ईसीजी करतो. मात्र तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर नाडी बघत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

बाबा गेली अडीच वर्षे नियमाने गोळी घेतात. त्यानंतर झटका आलेला नाही. पेटी आता आमची धाकटी वाजवते आणि सूर चुकला की बाबा डाव्या हाताने गुडघ्यावर थाप मारतात. आज ती थाप ऐकायला आली, तर समजून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!