चार पट्ट्या, सारख्या रुंदीच्या

हातातली कामं आवरून, नाहीतर कामं करता करताच, तुम्ही रेडिओ लावला असेल. आज आम्ही तुम्हाला एका बेटाच्या झेंड्यांची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, आपल्याला बेटाशी काय करायचं? सांगतो.

मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाची बैठक झाली. ८ मार्चच्या फेरीसाठी आपला एक झेंडा असावा, एवढाच विषय होता. कापड कुठलं आणायचं, इथंच गाडी अडली. एकीनं भगवं म्हटलं, दुसरीनं निळं. तिसरी म्हणाली, मग हिरवं का नको? पिवळं म्हटलं तर तोही कुणाचा तरी निघाला. आपल्या गावात रंगाला धनी असतो, हे तुम्हाला आम्ही नव्यानं सांगायला नको. दीड तास गेला, कर्जाच्या हप्त्यांचा विषय तसाच राहिला आणि कायम शेजारी बसणाऱ्या आमच्या दोघीजणी एकमेकींशी न बोलता घरी गेल्या.

त्याच दिवसांत आम्ही या कार्यक्रमासाठी मॉरिशसची माहिती गोळा करत होतो. कोकणातून आणि देशावरून गेलेल्या मराठी माणसांची घरं तिथं आहेत, म्हणून. वाचता वाचता त्या बेटाच्या झेंड्यांपाशी आलो आणि तिथंच थांबलो.

हे बेट हिंदी महासागरात आहे, आफ्रिकेच्या पूर्वेला. आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याहूनही लहान. तिथं मुळात माणसांची वस्तीच नव्हती. अरब आणि पोर्तुगीज खलाशांना ते माहीत होतं, पण राहिलं कुणी नाही. १५९८ साली डच लोक उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या नावावरून बेटाला नाव दिलं. त्या काळचा डचांचा झेंडा तीन आडव्या पट्ट्यांचा होता. वर नारिंगी, मध्ये पांढरा, खाली निळा. पुढे नारिंगीच्या जागी लाल आला. डचांनी तिथली काळ्या लाकडाची झाडं तोडून नेली आणि १७१० साली बेट सोडून दिलं. डोडो नावाचा, उडता न येणारा पक्षी फक्त त्याच बेटावर होता. तो डचांच्या काळातच कायमचा संपला.

१७१५ साली फ्रेंच आले. त्यांच्या राजाचा पांढरा झेंडा लागला आणि बेटाचं नाव झालं ‘ईल द फ्रान्स’. आफ्रिकेतून आणि मादागास्करहून माणसं धरून आणली गेली, गुलाम म्हणून विकली गेली आणि उसाच्या मळ्यांत जुंपली गेली. पुढे फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, राजा गेला, आणि बेटावरही निळा-पांढरा-लाल असा नवा तिरंगा फडकला. क्रांतीवाल्यांनी १७९४ साली गुलामगिरी बंद केल्याचं पॅरिसमध्ये जाहीर केलं. पण बेटावरच्या मळेवाल्यांनी ते मानलंच नाही. झेंडा बदलला, साखळी तशीच राहिली. मैत्रिणींनो, आम्हाला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. वर कापड कुठलं आहे त्यावरून खाली काय चाललंय ते कळत नाही.

मग इंग्रजांची नजर पडली. १८१० च्या ऑगस्टमध्ये तिथं मोठी आरमारी लढाई झाली. इंग्रजांनी आधी बंदराच्या तोंडावरच्या लहान बेटाचा किल्ला घेतला, पण आपला झेंडा लावलाच नाही. फ्रेंचांचाच तिरंगा तसाच फडकत ठेवला. समुद्रातून येणाऱ्या फ्रेंच जहाजांना वाटलं, किल्ला आपलाच आहे, आणि ती बिनधास्त आत शिरली. लढाई मात्र शेवटी फ्रेंचांनीच जिंकली. इंग्रजांच्या एका जहाजावरचा झेंडा डोलकाठीला खिळ्यांनी ठोकला होता. जहाज हरलं, माणसं पडली, तरी झेंडा उतरवता येईना, आणि झेंडा दिसतोय तोवर तोफा थांबेनात. शेवटी डोलकाठीच तोडावी लागली. असा हा खिळ्यांनी ठोकलेला हट्ट. तो आपल्याला काही अनोळखी नाही, हो ना?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि बेट त्यांच्या ताब्यात गेलं. पुढची १५७ वर्षं तिथं युनियन जॅक राहिला. १८३५ साली गुलामगिरी संपली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना काही नाही. मग मळ्यात राबायला माणसं हवी होती, म्हणून आपल्या देशातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. १८३४ पासून पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिकडं गेली. बिहारकडची, तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेली आपली मराठी माणसंही. पोर्ट लुई बंदरात जिथं ती उतरली, त्या जागेला आज ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. तिथल्या सोळा दगडी पायऱ्या अजून जपून ठेवल्या आहेत. त्या पायऱ्या चढलेल्यांची पतवंडं आज गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते.

इंग्रजांनी बेटाला १९०६ साली एक राजचिन्ह दिलं आणि ते निळ्या झेंड्यावर बसवलं. त्यात मध्ये ढाल, एका बाजूला सांबर, दुसऱ्या बाजूला तो संपलेला डोडो, आणि दोन्हीकडे उसाचं कांडं. म्हणजे झेंड्यावर ऊस होता. ऊस तोडणारी बाई नव्हती.

ती बाई कुठे होती, तेही ऐका. १९४३ साली तिथल्या ऊस मजुरांनी मजुरीसाठी संप केला. २७ सप्टेंबरला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अंजले कूपेन नावाची मजूर बाई ठार झाली. ती गरोदर होती. आज तिच्या नावाचं मोठं क्रीडांगण तिथं आहे. आपल्याकडं कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या बायांना ही बाई कोण होती ते वेगळं सांगावं लागणार नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९४८ च्या निवडणुकीत, ज्याला साधं लिहिता-वाचता येतं त्याला मत मिळालं. बायांनाही मिळालं. तोवर जमीनदार आणि पैसेवाले तेवढेच मतदार होते. मग गावोगाव काय झालं असेल? दिवसभर मळ्यात राबलेली माणसं रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवू लागली. या रात्रशाळांना तिथं ‘बैठका’ म्हणतात. आपल्या गटात अंगठा सोडून सही करायला शिकलेल्या आज्या आहेत. त्यांना त्या पाटीची किंमत कळेल. पुढे १९५९ साली सगळ्याच प्रौढांना मत मिळालं.

आता येतो आपल्या मुद्द्यावर. १९६७ च्या निवडणुकीत प्रश्न एकच होता: स्वातंत्र्य हवं की नको? तुम्हाला वाटेल, नको कोण म्हणेल? पण सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या बाजूला पडली. लहान समाजांना भीती होती की मोठा समाज आपल्याला दाबून टाकेल. स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना राजधानीत दोन समाजांत दंगल पेटली. घरं सोडून माणसं पळाली, आणि इंग्रजांचे सैनिक बोलवावे लागले.

अशा वेळी झेंडा ठरवायचा होता. गुरुदत्त मोहेर नावाच्या प्राथमिक शिक्षकांनी तो रेखाटला. चार आडव्या पट्ट्या. लाल, निळा, पिवळा, हिरवा. लाल स्वातंत्र्याच्या झगड्याचा, निळा समुद्राचा, पिवळा नव्या उजेडाचा, हिरवा शेतीचा. हा झाला सांगायचा अर्थ. पण तिथली माणसं आणखी एक बोलतात, की हे रंग त्या वेळच्या पक्षांशीही जुळतात. लाल होता मजूर पक्षाचा, ज्यानं स्वातंत्र्य मागितलं. आणि निळा होता, ज्यांनी नको म्हटलं त्यांचा. हरलेल्यांचा रंगही झेंड्यात आहे, आणि जिंकलेल्यांच्या रंगाला लागूनच आहे.

आणखी एक गोष्ट बघा. चारही पट्ट्यांची रुंदी सारखी आहे. एकही बोटभर जास्त नाही. त्यावर सांबर नाही, डोडो नाही, किल्ली नाही, मुकुट नाही.

१२ मार्च १९६८ ला पोर्ट लुईच्या मैदानावर युनियन जॅक उतरला आणि हा झेंडा वर चढला. गांधीजींची दांडीयात्रा १२ मार्चलाच निघाली होती, म्हणून हा दिवस निवडला. १९९२ साली त्याच तारखेला मॉरिशस प्रजासत्ताक झालं. झेंडा तोच राहिला.

मोहेर गुरुजींचं मात्र असं झालं की झेंडा घरोघरी पोचला आणि नाव मागं राहिलं. २०१७ साली ते वारले. स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे त्यांच्या पश्चात, सरकारनं त्यांचं काम मान्य केलं. गटाच्या वहीत गोधडी कुणी शिवली, लोणचं कुणी घातलं, ते ज्याच्या त्याच्या नावावर लिहा, असं आम्ही म्हणतो ते यासाठीच.

हा झेंडा लागला म्हणून सगळं गोड झालं, असंही नाही. स्वातंत्र्याच्या आधी, १९६५ साली, इंग्रजांनी चागोस नावाची बेटं मॉरिशसपासून तोडून स्वतःकडे ठेवली. तिथं अमेरिकेचा लष्करी तळ उभा करण्यासाठी सगळी माणसं हलवली. पोर्ट लुईच्या झोपड्यांत ती येऊन पडली, आणि नव्या झेंड्याखालीही त्यांची उपासमार झाली. मग त्यांच्यातल्या बायाच रस्त्यावर आल्या. लिझेट तालात, शार्लेझिया अलेक्सी अशा बायांनी उपोषणं केली, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या. २०२२ साली मॉरिशसच्या लोकांनी चागोसच्या एका बेटावर जाऊन चार पट्ट्यांचा झेंडा रोवला. झेंडा पोचला. माणसं परत जाऊन राहणं ही त्याहून मोठी गोष्ट आहे.

तर मैत्रिणींनो, हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं. सांगून झाल्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग शिवणकाम करणाऱ्या आमच्या एका ताई म्हणाल्या, “कापड विकत कशाला आणायचं? प्रत्येक गटानं आपल्या घरातल्या जुन्या लुगड्याची एक पट्टी आणा. रंग ज्याला जो आणायचा तो. रुंदी मात्र सगळ्यांची एक वीत. आणि वीत कुणाची, तर माझी, कारण शिवणार मी.” सगळ्या हसल्या.

बारा गटांपैकी दहा गटांच्या पट्ट्या आल्या आहेत. न बोलता गेलेल्या त्या दोघींपैकी एकीनं आपली पट्टी आणून दिली. दुसरीची अजून यायची आहे. तिच्यासाठी मधली जागा मोकळी ठेवून ताईंनी बाकीच्या पट्ट्या टाचून ठेवल्या आहेत. ८ मार्चला अजून बारा दिवस आहेत. आम्ही उद्या तिच्या घरी जाणार आहोत, झेंड्याचं बोलायला नाही, नुसता चहा प्यायला.

तुमच्या गावात रंगावरून कुठं अडलंय का? गटाच्या बैठकीत बोला आणि आम्हाला कळवा. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.