स्वमग्न मुलांची पहिली बेरीज



“दोन अधिक एक किती?” असे विचारले असता एखादे मूल तोच प्रश्न पुन्हा उच्चारते किंवा मान वळवून गप्प राहते. त्याला गणित जमणार नाही, असा निष्कर्ष तत्काळ निघतो आणि ते वर्गात मागे पडते. स्वमग्न मुलांच्या बाबतीत हा निष्कर्ष घाईचा ठरतो. अडचण अनेकदा संख्येची नसून भाषेची असते.

म्हणून बेरजेचा आरंभ वस्तूंपासून करावा. एका वाटीत दोन चिंचोके, दुसरीत एक. दोन्हींतील चिंचोके तिसऱ्या वाटीत ओतून मुलाने स्वतः एकेक मोजावा. ‘अधिक’, ‘मिळवा’, ‘बेरीज’ यांपैकी एकच शब्द आरंभी वापरावा. कृतीचा क्रमही तोच ठेवावा. हे साधल्यावर ठिपक्यांची चित्रे व त्यानंतर अंक आणावेत. चिंचोक्यांची बेरीज करणारे मूल मण्यांपाशी अडू शकते. यास्तव पुढे वस्तू, जागा व शिकविणारी व्यक्ती हळूहळू बदलावी. न बोलणाऱ्या मुलापुढे अंकांची दोन-तीन कार्डे ठेवावीत. त्याने योग्य कार्डावर बोट ठेवले, तर ते उत्तर पूर्ण मानावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश असून शासनमान्य व अनुदानित शाळांनी सर्वसमावेशक शिक्षण देणे त्यात अभिप्रेत आहे. गावातील असे प्रत्येक मूल पटावर यावे आणि पटावरचे प्रत्येक मूल शिकावे, याची दक्षता शाळा व पंचायत यांनी मिळून घ्यावयाची आहे.