मधपाळाची शिल्लक



सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मधमाशीप्रमाणे थोडेथोडे धन जमवण्यास सांगितले. त्या धनाचे चार भाग करावेत: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात आणि चौथा अडीअडचणीसाठी. बँकेत रोज लोकांचे हिशेब पाहताना आम्हाला हा उपदेश फार मोलाचा वाटतो.

मधाचेच पाहा. महाबळेश्वर भागात जांभूळ, हिरडा फुलला की सातेरी माशांच्या पेट्या भरतात. मध काढायचे दिवस थोडे, घरखर्च मात्र बारमाही. गाठीला शिल्लक नसली की मधपाळ व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि मध निघण्याआधीच भाव ठरून जातो. घाईने, पोळ्यावर मेणाची झाकणे येण्याआधी मध काढला तर त्यात पाणी जास्त राहते. ते २० टक्क्यांच्या वर गेले की मध प्रमाणात बसत नाही, आंबतो, भाव आणखी पडतो.

याच तालुक्यातील मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. गावाचे नाव झाले की मधालाही ओळख मिळते. पण गाळणे, तपासणे, बाटल्या भरणे एकट्याला परवडत नाही. त्यासाठी दहा-वीस मधपाळांनी एकत्र यावे. नफ्याचे दोन भाग पेट्या, मधयंत्र व बाटल्यांसाठी वापरावेत. चौथा भाग सामाईक ठेव म्हणून राखावा. त्या ठेवीतून मध आणताच काही रक्कम रोख देता आली, तर उचल घ्यायची पाळीच येणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, अशा गटाचा हिशेब लिहायला तुम्ही पुढे या. वही सर्वांसाठी उघडी असेल, तरच संघटन टिकेल.

जयभीम! नमो बुद्धाय!