सरकार पडते, कायदा उरतो
(शशिकलाताई काकोडकर यांची विधिमंडळातील वाटचाल)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या परिसरातील कुळा-मुंडकारांच्या मुलांना अक्षरओळख करून दिली. त्या मुलांच्या पायाखालची जमीन कोणी स्थिर केली, हा प्रश्न त्याला लागूनच येतो. त्याचे उत्तर शोधताना एका नावापाशी थांबावे लागते, म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी श्रीमती शशिकलाताई काकोडकर हा विषय घेतला आहे.

ताईंचा जन्म 7 जानेवारी 1935 चा. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या त्या ज्येष्ठ कन्या. 12 ऑगस्ट 1973 रोजी भाऊसाहेबांचे निधन झाले आणि त्यांच्याच मंत्रिमंडळात काम केलेल्या ताईंकडे मुख्यमंत्रिपद आले. सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी यांच्यानंतर देशात हे पद भूषविणाऱ्या त्या तिसऱ्या महिला होत. गोव्यात मात्र त्यांच्यानंतर आजतागायत एकही महिला मुख्यमंत्री झालेली नाही. 2022 च्या निवडणुकीत 40 सदस्यांच्या सभागृहात केवळ 3 महिला निवडून आल्या.

वडिलांचे नाव पाठीशी नसते, तर हे पद ताईंना मिळाले असते का? बहुधा नाही. हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु वारशाने खुर्ची मिळते, कर्तृत्व मिळत नाही. म्हणून त्या खुर्चीवर बसून त्यांनी काय केले, याच कसोटीवर त्यांना पारखणे न्यायाचे ठरेल.

महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणासाठी जन्माला आला होता. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 आणि संघप्रदेश राहण्याच्या बाजूने 1,72,191 मते पडली. पक्षाचे मूळ उद्दिष्टच हातातून निसटले. मग पक्षाने टिकावे कशाच्या बळावर? उत्तर शेतात आणि झोपडीत होते. भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राबणारे कूळ आणि त्याच्या भाटात घर बांधून राहणारा मुंडकार, हे या पक्षाचे खरे मतदार. मुंडकाराची अवस्था आजच्या तरुणांना कल्पनेनेच समजून घ्यावी लागेल. भिंती आपल्या, पण त्याखालची माती दुसऱ्याची. भाटकाराची मर्जी फिरली की चूल उचलायची!

भाऊसाहेबांच्या काळात 1964 चा कूळ कायदा झाला. त्याने कुळाला संरक्षण दिले, मालकी दिली नाही. ती पुढची पायरी ताईंच्या सरकारने गाठली. 1975 मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा संमत झाला. राहते घर आणि त्याभोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला मिळाला. 1976 मध्ये कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि 20 एप्रिल 1976 हा ‘कृषकदिन’ मानून कसणारे कूळ त्या दिवसापासून जमिनीचे खरेदीदार ठरले. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा अशा रीतीने पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात भरणाऱ्या विधानसभेतून कायद्याच्या भाषेत उतरली.

1977 च्या निवडणुकीत 30 पैकी 15 जागा, म्हणजे नेमक्या निम्म्या, पक्षाला मिळाल्या. ताई पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. पण काठावरचे बहुमत किती ठिसूळ असते, याचा प्रत्यय लवकरच आला. स्वपक्षातील आमदारांनीच साथ सोडली, सरकार कोसळले आणि 27 एप्रिल 1979 रोजी राष्ट्रपती राजवट लागू झाली. 1980 मध्ये पक्ष 7 जागांवर आला. ताई काँग्रेसमध्ये गेल्या, तेथे रमल्या नाहीत. भाऊसाहेबांच्या नावाने त्यांनी वेगळा पक्ष काढला, पण 1984 च्या निवडणुकीत त्याला यश आले नाही. शेवटी त्या स्वगृही परतल्या. या काळातील त्यांच्या निर्णयांचे समर्थन करण्याची मला गरज वाटत नाही. त्यांच्या अनेक चाहत्यांनाही ते रुचले नव्हते.

मात्र याच 1984 सालातील एक योगायोग पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी 47 व्या घटनादुरुस्तीने कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात समाविष्ट झाली. ज्या वर्षी मतदारांनी ताईंना नाकारले, त्याच वर्षी त्यांच्या सरकारच्या कायद्याला राज्यघटनेचे कवच मिळाले. सत्ता गेली, कायदा राहिला.

याच्या उलट अनुभव शिक्षणाच्या क्षेत्रात आला. 1990 मधील आघाडी सरकारात ताई शिक्षणमंत्री होत्या. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून व्हावे, या भूमिकेतून त्यांनी मराठी व कोकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आणले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ताई मराठीच्या कट्टर पुरस्कर्त्या. राजभाषेच्या वादात त्यांची बाजू सर्वश्रुत होती. तरीही या धोरणात कोकणीला मराठीच्या बरोबरीचे स्थान होते आणि अनेक इंग्रजी प्राथमिक शाळा त्यानंतर कोकणी माध्यमाकडे वळल्या. इंग्रजीची आस धरणाऱ्या पालकांचा रोषही त्यांनी ओढवून घेतला. ती आस केवळ हौसेची नव्हती, मुलांच्या पोटापाण्याची चिंता तिच्यामागे होती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

2011 मध्ये तत्कालीन सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या वतीने पुन्हा रस्त्यावर उतरल्या. मराठी आणि कोकणीचे अभिमानी तेव्हा एका व्यासपीठावर आले. 28 ऑक्टोबर 2016 रोजी ताईंनी जगाचा निरोप घेतला, तेव्हाही तो वाद मिटलेला नव्हता.

या दोन अनुभवांतून एक बोध निघतो. अनुदानाचे धोरण हा शासनाचा निर्णय होता. एका मंत्रिमंडळाने केला, दुसऱ्याने फिरवला. कूळ आणि मुंडकार यांचे हक्क विधिमंडळाने कायद्यात लिहिले, म्हणून ते सरकारांच्या येण्याजाण्याला पुरून उरले. लोकप्रतिनिधीचे खरे काम भाषणात वा उद्घाटनात नसून या लिहिण्यात आहे.

पण कायदा उरला म्हणजे न्याय झाला, असे नाही. मुंडकारांची कितीतरी प्रकरणे मामलेदारांच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे रेंगाळली. ज्याने अर्ज केला तो गेला, नातू तारखांना जाऊ लागला. कित्येकांनी तर अर्जच केला नाही, कारण कायद्याने आपल्याला काय दिले, हे त्यांना वाचून दाखवणारे कोणी नव्हते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझे एकच सांगणे आहे. गुरुजींनी दिलेले अक्षर येथे उपयोगी पडते. आपल्या वाड्यावरच्या वृद्धांपाशी बसा. त्यांच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा वाचा, त्यावर कुळाचे नाव लागले आहे का ते पाहा, घराची मुंडकार म्हणून नोंद झाली आहे का ते विचारा. नसेल, तर अर्ज लिहून द्या. ताईंच्या आणि गुरुजींच्या स्मृतीला याहून योग्य अभिवादन मला सुचत नाही.