मनाच्या आजाराचा सरकारी हिशेब
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर मनाच्या आजाराचा विषय कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु हा प्रश्न हक्काचा आणि हिशेबाचाही आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणारे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरला; दारिद्र्यरेषेखालील माणसाला ते मोफत मिळावयाचे आहेत. हा कायदा पुरता अमलात आणावयाचा तर सरकारला वर्षाला ९४,०७३ कोटी रुपये लागतील, असा अंदाज तज्ज्ञांनी २०१९ साली मांडला. गुंतवणुकीच्या साडेसहा पट लाभ होईल, असेही त्यांनी म्हटले. कारण बरा झालेला माणूस कामावर जातो आणि त्याला सांभाळणारी आई किंवा बहीणही मोकळी होते.

असा अंदाज कसा बांधतात, ते लहान उदाहरणाने पाहू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभर प्रौढांपैकी १०.६ जणांना मानसिक विकार आढळला. म्हणजे एक लाख प्रौढांच्या वस्तीत १०,६०० रुग्ण. दरमहा दोनशे रुपयांचे औषध धरले, तर वर्षाचा खर्च होतो २ कोटी ५४ लाख ४० हजार. पण चारांतला एकच रुग्ण दवाखान्यात आला, तर ६३ लाख ६० हजारांत भागते. दोनशे रुपये मी केवळ हिशेबासाठी धरले आहेत; न येणाऱ्यांचे प्रमाण मात्र काल्पनिक नाही. त्याच पाहणीत उपचाराविना राहिलेले रुग्ण विकारानुसार ७० ते ९२ टक्के होते.

म्हणजे सरकारचा खर्च थोडा दिसतो, तो आपण दारात जात नाही म्हणून. बदनामी होईल, मुलीचे लग्न मोडेल, या भीतीने घरचा आजार आपण झाकतो. मग आजच्या गर्दीवरून उद्याची तरतूद ठरते आणि डॉक्टर व औषधे दोन्ही अपुरी पडतात. उरलेला खर्च वाचत नाही. तो घरातल्या माणसांच्या अंगावर पडतो.

त्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे तामिळनाडूतील एरवाडीने दाखविले. दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून वेगळी वाट धरली गेली: ‘दवा आणि दुआ’. तेथे जियारतीस आलेल्या रुग्णाला मुजावरच डॉक्टरांकडे पाठवू लागले. दुआ सुटली नाही आणि दवाही मिळाली.

पालकहो, दुआ जरूर मागा. पण रुग्णाला सरकारी दवाखान्यातही न्या, त्याचे नाव तेथे नोंदवा. दूरध्वनीवर मोफत सल्ल्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे. आपल्या संस्थेने तो प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहावा, अशी माझी नम्र सूचना आहे. नोंद झालेल्या रुग्णासाठीच आपणांस सरकारकडे हक्काने पैसा मागता येईल.