एका त्वचेवर दोन व्याधी

सोरायसिसचा रोगी बहुधा आपल्या व्याधीला सरावलेला असतो. कोपर, गुडघे, कंबर यांवर लाल चट्टे उठतात, त्यांवरून चांदीसारखे पापुद्रे झडतात; पुष्कळांना हिवाळ्यात त्रास अधिक. अशा रोग्याच्या अंगावर उतारवयात अकस्मात पाण्याने तट्ट फुगलेले फोड उठू लागले, म्हणजे घरची माणसे गोंधळतात. कोणी उष्णता म्हणतो, कोणी नव्या मलमास दोष देतो. कित्येकदा हा निराळाच रोग असतो. त्याचे नाव बुलस पेम्फिगॉइड.

१९५३ पर्यंत हा रोग पेम्फिगस या अधिक घातक विकारातच मोजला जाई. त्या वर्षी, जर्मनीत जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेले त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लीव्हर यांनी दोहोंतील भेद दाखविला. पेम्फिगसमध्ये बाह्यत्वचेतील पेशीच एकमेकींपासून सुटतात. म्हणून फोड लुळे, चटकन फुटणारे. पेम्फिगॉइडमध्ये सबंध बाह्यत्वचा अंतस्त्वचेपासून उचलली जाते. म्हणून फोडाचे छत जाड. जुन्या भिंतीचा गिलावा ओलीने सुटून फुगावा, तसा हा प्रकार. येथे मात्र ओल बाहेरची नव्हे. शरीराची रक्षकसेनाच दोन थरांना जोडणाऱ्या प्रथिनांना शत्रू समजून त्यांवर प्रतिपिंडे धाडते. ही प्रतिपिंडे १९६७ साली प्रत्यक्ष दाखविण्यात आली. रोग स्पर्शाने पसरत नाही. तरीही रोग्याचे ताटवाटी वेगळे करणारी घरे आहेतच.

सोरायसिसच्या दीर्घ दाहाने त्या सांध्यातील प्रथिने उघडी पडत असावीत, असा तर्क आहे. १९९६ मध्ये पेम्फिगॉइडचा आणखी एक प्रकार ओळखला गेला. त्याच्या रोग्यांत सोरायसिस विशेष आढळतो.

खरी कसोटी उपचारांत. फोडांवर स्टेरॉइड गुणकारी. पण ते एकाएकी थांबविले, तर सोरायसिस उसळतो, क्वचित अंगभर पुवाच्या पुटकुळ्या व ताप येतो. सोरायसिसला मानवणारे अतिनील किरण कधी फोडांना निमित्त ठरतात. म्हणून निदानासाठी फोडाजवळच्या धड त्वचेचाही तुकडा तपासावा लागतो, आणि पुष्कळदा वैद्यक मेथोट्रेक्सेटकडे वळते, कारण ते दोन्ही रोगांवर चालते. त्याची मात्रा मात्र आठवड्यातून एकदाच. ती चुकून रोज घेतल्याने रोगी दगावले आहेत. तेव्हा गोळीचा वार घरातील दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला बरा.